आबांनी दिलेलं ‘व्हय’

चौदा मे. कोकमाची सोलं खळ्यात उन्हाला पसरत होते आणि आबांना राईतून कसं काढायचं याचा विचार करत होते. राई समितीचे बाकीचे दोघे पुरुष ‘तुम्हीच सांगा, तुमचा शब्द ते ऐकतात’ म्हणून मोकळे झाले होते. आबा कुणाचाच शब्द ऐकत नसत, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आबा आमच्या राईचे वाटाडे. आचऱ्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पोटात देवाच्या नावाने राखलेलं ते जुनं सदाहरित रान. पाहुणे आले की आबा त्यांना वेशीवरच्या पाषाणापुढे उभे करत आणि गाऱ्हाणं घालत. गाऱ्हाणं आमच्याकडे नवीन नाही. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार द्यायचा. आबा मात्र त्यात पाहुण्यांची निंदा घालत. “बा देवा म्हाराजा, ही पुण्याची मंडळी झाडा बघूक इली आसत. ह्या निळ्या शर्टवाल्याक हयच घाम इलो, तो अजून चालूक लागाक नाय. तेका तेच्या पोटासकट बाहेर येवंदे, रे म्हाराजा.” पाहुणे हसत हसत ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. निळा शर्टवालाही म्हणे.

माझं माहेर वालावल. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी आबा मला वालावलकरीणच म्हणत. समितीची सेक्रेटरी झाले तेव्हा म्हणाले, “वालावलकरणी, तू फक्त कागद सांभाळ. झाडां तुका वळखनत नाय.” ते खरं होतं. आबा खोडावर तळवा ठेवून झाडाचं नाव सांगत, गारंबीच्या वेलीला पाळीव जनावरासारखं थोपटत. ते हात लावल्याशिवाय काही सांगत नाहीत, हे पाहुण्यांना फार आवडे. त्यामागचं कारण मला उशिरा कळलं.

मागच्या पावसात राईतल्या ओढ्याजवळचं, व्हाळाजवळचं, धुपाचं उंच झाड कोसळलं. दिवाळीनंतर मी एका घोळक्यामागून चालत होते. आबांनी काठी वर केली. “हो बघा धूप. वर बघा, मान मोडासर.” वर नुसतं आकाश होतं. पाहुण्यांनी मान वर केली, आकाश बघितलं आणि माना डोलावल्या. एकाने फोटोही काढला.

संध्याकाळी मी आबांना ‘दिसतं का?’ असं स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, “राईत माका लोक आबा म्हणतत. घरात मी म्हातारो. वाट काढून घेवची आसात तर आधी माका पुरा, गो.” मी तो विषय तिथेच सोडला. ते चुकलंच. चौदा मेच्या सकाळी चिपळूणची एक बाई दलदलीत कमरेपर्यंत रुतली. ती ओरडेपर्यंत आबा पुढे उभे राहून रानजायफळाची माहिती तिच्या रिकाम्या जागेला सांगत होते.

त्या दिवशी चार वाजता दुसरा घोळका होता. सोलं आवरून, समितीच्या दोघांना घेऊन मी वेशीवर गेले. म्हटलं, “आबा, आज गाऱ्हाणं मी घालते.”

“बायलमाणूस गाऱ्हाणा घालता? घाल. देवाकय जरा हसूंदे.”

त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मी सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, ह्या आबान वीस वर्सां हय वाट दाखवल्यान. आता तेका दिसणा नाय. आजपासून तो रायेत माणसां घेवन जावचो नाय, रे म्हाराजा.”

समितीचे दोघे खाली बघत राहिले. पाहुण्यांना काहीतरी कळलं असावं, तेही गप्प. एकटे आबा, वीस वर्षांच्या सवयीने, सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

देवापुढे दिलेला रुकार आमच्याकडे परत घेता येत नाही. मी त्यावरच भरवसा ठेवला होता.

आबांनी डोळे उघडले. माझा आवाज आला त्या बाजूला तोंड वळवलं. मग म्हणाले, “बरा शिकलंस.” त्यानंतर ते राईत आले नाहीत, आणि पुढच्या थंडीत गेलेच.

गाऱ्हाण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी राईच्या फाटकाची चावी आणायला त्यांच्या घरी गेले. ते कपडे करून खुर्चीवर बसले होते. सून त्यांच्याभोवतीनं केर काढत होती. चावी त्यांनी मुठीतच धरली होती. ती घेताना मला त्यांची बोटं उलगडावी लागली.

“पाहुणे किती?”

“सहा.”

“व्हाळ ओलांडलंस की शेवटचो माणूस मोज.”

मी मोजला. सहा जण नेले, सहाही कोरडे परत आणले. आबांना दोन तास लागायचे. मला चाळीस मिनिटं लागली.