शुक्रवारपर्यंत सांगा
दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत सगळे तिला आत्या म्हणत. वय अठ्ठेचाळीस, त्यातली एकोणीस वर्षं याच खोलीत गेलेली. रुग्णांची नोंदणी, रिपोर्ट, औषधांचा साठा, सगळं तिनं एकटीनं पीएचपी या प्रोग्रामिंगच्या जुन्या भाषेत लिहिलेलं. दुसरं काही तिला येत नव्हतं, आणि तशी वेळही आली नव्हती.

एका सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. "ओपीडीसाठी नवं वेब ॲप्लिकेशन करायचंय. लोकांना घरून नंबर लावता आला पाहिजे, आणि आत कितवा चालू आहे ते फोनवर दिसलं पाहिजे. सर्व्हरवर काय वापरायचं, तुमचं पीएचपी की ते नोड, शुक्रवारपर्यंत सांगा."

जिना उतरताना आत्याच्या मनात एकच हिशेब चालला होता. नोड हे नवीचं काम. नवी म्हणजे तीन महिन्यांपूर्वी लागलेली प्रोग्रामर. नोड आलं की आपली गरज काय? आणि पीएचपी म्हणावं, तर लोक म्हणणार, बाईनं स्वतःची खुर्ची वाचवली.

घरी नवरा भांडी विसळत होता. फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, कॉम्प्युटरशी त्याचं काही देणंघेणं नाही. तिनं तावातावानं पीएचपीची बाजू मांडली. तो म्हणाला, "हे दवाखान्याच्या सोयीचं आहे की तुझ्या?"

"तुला काय कळतंय त्यातलं!" ती कडाडली आणि उठून आत गेली. आत गेल्यावर तिला रडू आलं. त्यानं नेमकं तेच विचारलं होतं.

मंगळवारी ती नवीला म्हणाली, "आपण दोघी तीच दोन पानं करू, एक नंबर लावायचं, एक चालू नंबर दाखवायचं. तू नोडमध्ये, मी पीएचपीत. मग पाचशे खोटे रुग्ण एकदम सोडू."

"आत्या, रागावलात का माझ्यावर?"

"रागावले नाही गं. घाबरलेय."

नंबर लावायच्या पानात दोघी बरोबरीला आल्या. चालू नंबराच्या पानात मात्र आत्याला येत असलेल्या पद्धतीनं प्रत्येक फोन दर दोन सेकंदांनी सर्व्हरला विचारत राही, आणि सर्व्हर धापा टाकू लागे. नवीच्या पानात नंबर बदलला की सर्व्हर आपणहून कळवी. आत्यानं चाचणी तीनदा घेतली. गुरुवारी नवी सुट्टीवर होती आणि दुसऱ्या पानाचे आकडे एकट्या आत्याकडे होते. ते दाखवलेच नाहीत तर? हा विचार आला आणि तिला स्वतःचीच धास्ती वाटली.

शुक्रवारी तिनं सगळे आकडे टेबलावर ठेवले. "जुनं पीएचपीतच राहू दे, नीट चालतंय. नवं नोडमध्ये करा."

"तुम्हाला येतं का नोड?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर."

त्यांनी फक्त मान हलवली. त्या मानेचा अर्थ लावण्यात आत्याचे पंधरा दिवस झोपेविना गेले. कामावरून काढल्याचं पत्र काही आलं नाही. आली ती कामाची वाटणी, त्यात नवीबरोबर आत्याचंही नाव होतं.

पाच महिन्यांनी ॲप्लिकेशन सुरू झालं. पहिल्या सकाळी आत्या जीव मुठीत धरून पडद्यासमोर बसली होती. एकवीसचा बावीस झाला, बावीसचा तेवीस. नवीनं टाळी वाजवली. आत्या बाहेर जाऊन पाणी प्यायली, तेव्हा निम्मं अंगावर सांडलं.

आता ती नोडमध्ये लिहिते, बऱ्यापैकी लिहिते. पण बदल सर्व्हरवर चढवायची वेळ आली की अजूनही ती आधी नवीला हाक मारते, "अगं, जरा इथे येऊन बस."