शेवटची गंजी
कडब्याचा वास आला की वडिलांची ती शेवटची गंजी आठवते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळानं सगळं शिवार उघडं पडलं होतं. उपाशी बैलांसाठी वडिलांनी तळातली पेंढी ओढली, तसा उंदीर-चिचुंद्र्यांचा गोतावळा बाहेर पडला. पण तापलेल्या मातीनं पाय भाजताच वडिलांच्या पायांमधून परत आत शिरला. आत एक मुंगूसही पडलं होतं, कुणालाच न धरता. वडील थबकलेच. “मुंगूसबी त्यायला सोडून राहिलंय, मी कसा हात लावू?” म्हणत त्यांनी पेंढी जागेवर ठेवली आणि आम्ही राहत होतो त्या कोपीचं गवताचं छप्पर उसकटून बैलांपुढं टाकलं. आज स्लॅबखाली पडल्या पडल्या वाटतं, त्या उन्हाळ्यात आमच्या शेतात एकच घर शाकारलेलं होतं, आणि ते आमचं नव्हतं.