झाडून ठेवलेली जागा

साक्रीच्या मामलेदार कचेरीत मी कारकून होतो, त्या काळात मसणवट्याची तक्रार आली की मला अर्ज वाचायच्या आधीच थकवा यायचा. बांधाच्या भांडणात निदान ज्याचा बांध तो स्वतः येऊन भांडतो. इथं ज्यांची जागा ते गप्प, आणि बाकीचे सगळे आमचं डोकं खाणार. आम्ही अर्ज सर्कल इन्स्पेक्टरकडे पाठवायचो, सर्कल पाटलाकडे, पाटील परत आमच्याकडे. तेवढ्यात एक पावसाळा निघून जायचा आणि कुणाचा तरी नांगर आणखी थोडा पुढे सरकलेला असायचा.

डोंगराकडच्या एका गावातली बाई अशीच फेऱ्या मारायची. त्या गावात मोठ्या माणसांना जाळत, तान्ह्या पोरांना मात्र नाल्याकाठच्या पडीक तुकड्यात पुरत. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचायचे आणि बोरीच्या काट्या टाकायच्या. तिची तापाने गेलेली मुलगी तिथंच होती. शेजारचा शेतकरी दरसाल तो तुकडा आपल्या वावरात ओढत चालला होता, आणि सरकारी दप्तरात तिथं नुसतं ‘पड’ असं लिहिलेलं.

“नांगर मनी पोरवर येई, भाऊ,” एवढंच ती म्हणायची. मी तिला पुढची तारीख सांगायचो. दुसरं काय सांगणार? मला माझ्याच आवाजाचा वीट आला होता.

शेवटी मामलेदार स्वतः पाहणीला निघाले. जागेवर पुरल्याच्या खुणा दिसल्या तर तुकडा मसणवट्याकडे लावू, नांगर बंद, असं त्यांनी तिला कचेरीतच सांगितलं. मला खरोखर बरं वाटलं. आयुष्यात एक तरी अर्ज तडीस जाईल, असं वाटलं.

आम्ही पोहोचलो तर तो तुकडा अंगणासारखा स्वच्छ. काट्या जाळलेल्या, दगड उचलून नाल्याच्या कडेला नीट रचलेले, जमीन सारखी करून वर शेणाचा सडा. मधोमध बाज टाकून त्यावर घोंगडी अंथरलेली. मामलेदार बाजेवर टेकले.

“बठ्ठं साफ करी टाकं, रावसाहेब,” पाटील मोठ्या हौसेने म्हणाले. “तुमना पायले काटा नको लागाले.”

अख्खं गाव सकाळपासून राबलं होतं. साहेब आपल्यासाठी येतोय, या आनंदात ती बाईही राबली होती. सडा तिनंच टाकला होता. मी डोक्याला हात लावला. पाटलावर ओरडावंसं वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून तेही जमलं नाही.

“बाई, तुझी मुलगी कुठं आहे ती जागा दाखव,” मामलेदार म्हणाले.

ती झपझप पुढे आली आणि कडेलाच थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एक पाय उचलला आणि मागे घेतला. तिला काय झालं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मला तिकडे बघवेना.

“आठेच शे, साहेब,” ती म्हणाली. “पन आते मी पाय कोठे ठेवू?”

मामलेदारांनी जमिनीवर टेकलेले आपले दोन्ही पाय हळूच वर, बाजेवर घेतले. आणि तसेच बसून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “लिहा. पुरल्याची कोणतीही खूण आढळली नाही.”