घड्याळवाला कुठल्या हाताला?

कारागीर मुळात भांडखोर माणूस नव्हे. हातात वस्तरा असलेल्या माणसानं आवाज चढवला की खुर्चीतल्याचा घसा कोरडा पडतो, हे त्याला तरुणपणीच कळलं होतं आणि त्यानं कानाला खडा लावला होता. सलून होतं तोवर सगळे त्याला कारागीरच म्हणायचे. रस्ता रुंद झाला, सलून त्यात गेलं, समोरची दुकानंही गेली, नाव मात्र चिकटून राहिलं. आता तो लेकाकडे राहायचा आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा दोन-चार म्हाताऱ्यांची दाढी त्यांच्या घरी जाऊन करायचा. त्या निमित्तानं इस्त्रीचा शर्ट अंगावर चढायचा. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख त्या वयात काही साधंसुधं नसतं बरं का.

असा हा गरीब स्वभावाचा माणूस एका फोटोवरून सगळ्यांशी भांडला.

झालं काय, तर सुनेनं त्याला मोबाईलवर एका ग्रुपमध्ये घालून दिलं होतं. तिथे लोक शहराचे जुने फोटो टाकायचे. पाडलेलं थिएटर, बंद झालेली बेकरी, जुना बसथांबा, असं काय काय. आणि खाली उसासे सोडायचे. एका सकाळी कुणीतरी सलूनसमोरच्या दुकानांचा फोटो टाकला. घड्याळवाला, मधे दूध डेअरी, पलीकडे छत्रीवाला. कारागिराला भरून आलं. छत्रीवाला तर दारातच उभा होता, तोंड वाकडं करून, जसा रोज असायचा तसाच. मग कारागिरानं चष्मा पुसला, पुन्हा नीट पाहिलं आणि त्याचं डोकंच चालेना. घड्याळवाला उजवीकडे होता.

अहो, घड्याळवाला डावीकडे! उभी हयात त्या रस्त्यासमोर गेली, डावीकडे घड्याळवाला आणि उजवीकडे छत्रीवाला, हे त्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यानं लगेच लिहून टाकलं की फोटो उलटा छापलाय, दुरुस्त करून टाका.

मग काय, तुटूनच पडले सगळे. एकानं विचारलं, काका, फोटो उलटा असता तर पाट्यांवरची अक्षरं उलटी झाली नसती का? बघा की, सगळ्या पाट्या सुलट्या आहेत. दुसऱ्यानं चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. तिसरीनं, वयानुसार व्हायचंच असं, म्हणून हात जोडलेलं चित्र पाठवलं. लोकांना काय, म्हातारा चुकला की करमणूक होते.

कारागिरानं फोटो मोठा करून पाट्या पाहिल्या. खरंच सुलट्या होत्या.  अक्षरं सरळ आणि दुकानं उलटी, हे होतं तरी कसं? दुकानं काय उठून एकमेकांच्या जागी जाऊन बसली? दिवसभर तो डोळे मिटून तो रस्ता आठवत बसला. दर वेळी घड्याळवाला डावीकडेच. डोळे उघडून फोटो बघावा तर उजवीकडे. जेवताना त्यानं वाटीतलं ताक पाण्याच्या तांब्यात ओतलं, आणि ते नेमकं लेकानं पाहिलं.

लेकानं सुनेकडे पाहिलं. आठवड्यापूर्वी नळ चालू राहिला होता, तो विषय निघाला. त्याआधी कारागीर शेजाऱ्याची चप्पल घालून आला होता, तीही गोष्ट निघाली. एरवी ज्या गोष्टींवर घर हसून मोकळं झालं असतं, त्या सगळ्या आता एका माळेत ओवल्या गेल्या. डॉक्टरांना दाखवून घेऊ, असं लेक हळूच म्हणाला. वस्तऱ्याचं नाव कुणीच काढलं नाही, पण तिघांच्याही मनात तोच होता.

शेवटी कारागिरानंच तो विषय काढला. वस्तऱ्याची डबी आणून सुनेच्या हातात दिली.

"पोरी, ही तुझ्याकडे ठेव. ज्याला स्वतःच्या समोरचा रस्ता आठवत नाही, त्यानं दुसऱ्याच्या गळ्याला पातं लावू नये."

 सुनेनं डबी पर्समध्ये टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. कारागिराचे हात मांडीवर पडून राहिले. ते कुठे ठेवायचे हेच त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी मास्तरांची पाळी होती. हे मास्तर म्हणजे एकेकाळचे टायपिंग क्लासवाले, सलूनचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच होते. यापुढे जमणार नाही हे त्यांना तोंडावर सांगायला हवं, असं कारागिराला वाटलं. रस्ता चुकला तर काय घ्या, म्हणून सूनही बरोबर निघाली. कारागिरानं सवयीनं पिशवी उचलली. तीत ब्रश होता, साबण, तुरटी, छोटा आरसा, सगळं होतं, फक्त वस्तरा नव्हता.

मास्तर उशीला टेकून बसले होते, गालावर पांढरे खुंट. कारागिरानं सगळी हकीकत सांगितली. मास्तर ऐकत राहिले, आणि हा म्हातारा आता बरळायला लागला की काय, अशा नजरेनं सुनेकडे पाहू लागले. मग कारागिरानं विचारलं, मास्तर, तुम्हीच सांगा, घड्याळवाला कुठल्या हाताला होता?

"डाव्या. त्यात विचारायचं काय?" मास्तर म्हणाले.

सुनेनं कपाळाला हात लावला. आतापर्यंत एक म्हातारा होता, आता दोन झाले. ती पलंगाच्या डोक्याकडे, मास्तरांच्या मागे उभी होती. तिथूनच तिनं मोबाईल काढला आणि फोटो पुढे धरला, की बघा बाबा, पुन्हा एकदा शांतपणे बघा. कारागिरानं मान हलवली. त्यात बघायचं काही उरलं नव्हतं.

मास्तरांना वेगळीच काळजी. आज दाढी होणार नाही, मग अवतार तरी किती झालाय ते बघू, म्हणून त्यांनी पिशवीतून आरसा काढून तोंडासमोर धरला. हनुवटी इकडे केली, तिकडे केली आणि एकदम थांबले.

"कारागीर, हा बघ की बरोबर फोटो. घड्याळवाला डावीकडेच आहे."

आरशात मास्तरांच्या कानामागे सुनेच्या हातातला मोबाईल दिसत होता. कारागीर वळसा घालून पलंगामागे गेला, मास्तरांच्या खांद्यावरून वाकला, अगदी खुर्चीमागे उभं राहायचा तसा. आणि त्याचा रस्ता त्याला दिसला. डावीकडे घड्याळवाला, मधे डेअरी, उजवीकडे तोंड वाकडं केलेला छत्रीवाला. पाट्या तेवढ्या उलट्या.

कारागिराला सलूनचे दिवस आठवले. सलूनच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड. येणं-जाणं मागच्या दारानं. दिवसभर तोंड आरशाकडे आणि पाठ रस्त्याला, रस्ता दिसायचा तो आरशातच. मास्तरही खुर्चीत बसायचे ते आरशाकडेच तोंड करून. घड्याळवाल्याच्या दारावरचं मोठं घड्याळ बघून तर कारागीर जेवायला उठायचा, उलटे काटे मनातल्या मनात सुलटे करून. पण दुकानं सुलटी करायचं त्याला कधी सुचलंच नाही.

"म्हणजे मी तो रस्ता धड पाहिलाच नाही," तो म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि रडूही. यातलं खरं कोणतं, हे काही त्याला ठरवता येईना.

सुनेनं पर्स उघडली. डबी काढून त्याच्यापुढे धरली.

कारागीर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी आरसा खाली ठेवला, मान मागे टाकली आणि हनुवटी वर केली. "गळ्याकडून सुरुवात कर," ते म्हणाले.

कारागिरानं साबणाचा फेस केला. हसू पुरतं थांबेपर्यंत त्यानं वस्तरा लावला नाही.