नडगीवरची जाळी

आमच्या खानदेशाकडे बाळाला आंघोळ आजीनं घालायची. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, दोन्ही नडग्यांच्या मधे बाळ निजवायचं आणि चोळून चोळून न्हाऊ घालायचं. सुरतेत येऊन जन्म गेला तरी हे काही सुटलं नाही. सुनेला दिवस गेले तेव्हापासून मी माझ्या पायांकडं त्याच हिशेबानं बघत होते.

म्हणजे बघत नव्हतेच. नात घरी आली, मी पाट मांडला, साडी गुडघ्यापर्यंत सारली, आणि सून म्हणाली, "मम्मी, हे काय झालं?"

उजव्या नडगीवर तपकिरी जाळी. मासे धरायचं जाळं ओलं करून ठेवावं तशी. खाज नाही, दुखणं नाही. न दुखणाऱ्या नडगीकडं कोण बघतं?

"हमणां रहेवा दो," सून म्हणाली. ती सुरतेतच वाढली, अवघड बोलायचं झालं की गुजरातीत शिरते. "आत्ता राहू द्या. लागण होणारं असलं तर? डॉक्टरला दाखवून या, मग घाला." नात गेली प्लास्टिकच्या टबात. मी दारात उभी.

शेजारीण आली. "माय वं! हाई नागीण शे." मी म्हटलं, नागिणीला तोंड-शेपूट असतं, हिला दोन्ही नाही. मग तिनं निकाल बदलला, नायटा ठरवला. मुलगा म्हणाला, साडीचा रंग उतरला असेल. शेजारीण जाता जाता म्हणाली, "डावा पाय तं चांगला शे. त्याच्यावर घाल." एका पायावर बाळ तोलायला मी काय डोंबारीण आहे?

शेवटी चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. माझ्या आधी एक मिलमधला माणूस होता, मांडीवर गोल गोल चकंदळं. बाईंनी लांबूनच विचारलं, "मेडिकलवाल्यानं कोणती ट्यूब दिली?" त्यानं गुपचूप खिशातून काढली. नायट्याला त्यांना एवढाच वेळ लागतो. माझ्या पायाला जास्त लागला. बोटानं दाबून बघितलं, भिंग लावलं, डावा पाय बघितला, पुन्हा उजवा.

"बा, गरम पाण्याची पिशवी लावता?"

"सुरतेच्या उन्हात?"

"मग काम काय करता?"

खापराचे मांडे करते, म्हटलं. आखाजीच्या सणाला ऑर्डरी आवरत नाहीत. चुलीवर मडकं पालथं घालायचं आणि हातावर पसरलेली पुरणपोळी त्याच्यावर टाकायची. चूल मागच्या गल्लीत. कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणि पेट्यांच्या फळ्या जाळते.

"बसता कशा?"

सांगून कळेना, तेव्हा मी खालीच बसले. डावा पाय मोडलेला, उजवी नडगी पुढं. बाईंनी कचऱ्याची बादली उचलून माझ्यापुढं ठेवली. "ही चूल." मी बादलीवर मांडा टाकून दाखवला. बाहेरची माणसं दारातून डोकावत होती.

बाई हसल्या. धगीनं होतं म्हणाल्या, वर्षानुवर्षं एकाच जागी शेक बसला की कातडीवर अशी जाळी उमटते. कुणाला लागत नाही. पण चुलीपुढं बसणं बंद, नाहीतर पुढं वाईट वळण घेऊ शकतं. डाग फिकटेल, नाहीतर राहील. मी म्हटलं, हे सगळं फोनवर माझ्या सुनेला सांगा. त्यांनी सांगितलं, तेही गुजरातीत.

आता शेजारीण मांडे टाकते आणि मी पुरण वाटते. तिचे मांडे जाड होतात, पण त्याला डॉक्टर नाही.

डॉक्टरीणबाईंचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं स्वतः पाट मांडला. मी पाय सोडले. नातीला मांडीवर घेऊन ती खाली बसली, साबण घेतला आणि एका हातानं माझी नडगी घासायला लागली. चांगली घासली. जाळी होती तिथंच राहिली.

"नाही निघत," ती म्हणाली.

"निघणार नाहीच."

मग तिनं लेकीला माझ्या पायांवर ठेवलं आणि तांब्या भरला. मी पाण्यात बोट घालून बघितलं.

"कढत आहे," म्हटलं. "गार घाल."

तिनं घातलं.