गिअरबॉक्सला मिठाचा शेक

गाडीखाली सरकलो आणि मला बोटीचा वास आला.

रोह्यात गॅरेज चालवता चालवता माझे केस पिकले. गाडीखाली मी घूस पाहिली आहे, कुणाची तरी हरवलेली चप्पल पाहिली आहे, एकदा तर जिवंत खेकडाही पाहिला आहे. बोटीचा वास मात्र पहिल्यांदाच. टॉर्च वर मारला. इंजिनापासून डिकीपर्यंत गाडीचं सगळं पोट काळंकुळकुळीत आणि चकचकीत. ना नट दिसतोय, ना बोल्ट.

"चाचा," मी खालूनच ओरडलो, "गाडीला काय फासलंय?"

वर प्लास्टिकची खुर्ची करकरली आणि खदिजाचाचींचा आवाज आला, "सांग ना आता! तोंडाला पन डांबर लागलंय काय?"

हसनचाचा खाडीकाठचे. सगळी उमेदीची वर्षं त्यांनी मचवा हाकला. मचवा म्हणजे माल वाहणारी शिडाची बोट. रेती, कौलं, मीठ, मिळेल ते भरायचं आणि भरतीबरोबर निघायचं. मचवा मोडीत निघाला, पण सवय कुठे मोडते? मुलगा इम्रान आखातात नोकरीला. त्याने घेतलेली गाडी वर्षभर चाचांकडेच असते. खारी हवा लोखंड खाते, हे चाचांना कुणी शिकवायला नको. दरसाल मचव्याला मारायचे तसं त्यांनी गाडीच्या पोटाला डांबर मारलं. मन लावून, दोन हात.

"सायलेन्सरला पण?" मी विचारलं.

"मारलं होतं. पन तिथलं ऱ्हायलं नाय."

"ऱ्हाईल कसं?" चाची म्हणाल्या. "धुराचा लोट उठला. अर्धी आळी बादल्या घेऊन धावली!"

इथवर मला हसू येत होतं. पण इम्रान त्याच दिवशी सुट्टीवर येणार होता, तोही थेट गॅरेजवर. फोनवर त्याने बजावलं होतं, "अब्बा, गिअर जड पडतायत ना? मग रोह्याला नेऊन ऑइल बदला. तुम्ही स्वतः हात लावू नका." याआधी चाचांनी फुटलेला बंपर जाळ्याच्या दोरीने शिवला होता. दरवाजाच्या बिजागऱ्यांना माशाचं तेल घातलं होतं, तेव्हा गावातली मांजरं गाडीभोवती मुक्कामालाच आली होती. त्यावर इम्रानने सांगून टाकलं होतं, आता पुन्हा काही केलंत तर गाडी विकणार. गाडी गेली की गुडघ्याच्या डॉक्टरसाठी चाचींनी एसटीने पेण गाठायचं. आणि चाचा? मचव्यानंतर त्यांच्या हातात वळवायला एवढं एकच चाक उरलं होतं.

"सुरेश," चाचा खाली वाकून हळूच म्हणाले, "तेल आज बदललंच पायजे रे. नायतर तो दुसऱ्या मेकॅनिककडे नेईल, नि तो सगळं सांगेल."

आता थोडं गिअरबॉक्सबद्दल सांगतो. या गाडीच्या गिअरबॉक्सला दोन बुचं असतात. तळाचा ड्रेन प्लग, त्यातून जुनं तेल बाहेर. बाजूला थोडा वर फिलर प्लग, त्यातून नवं आत. दिसायला दोन्ही अगदी साधी. पण कामाचा एक नियम आहे, आधी वरचा प्लग सैल होतोय का ते बघायचं, मगच खालच्याला हात लावायचा.

वरचा प्लग मी आधी शोधला. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडत खरवडत सापडला. त्याच्या मधोमध षट्कोनी खाच असते, तीत ॲलन की घालून फिरवायचं. ती खाच डांबराने अशी गच्च भरली होती, जणू पुरण भरलेली करंजी. निघेल तेवढं टोकरून ॲलन की बसवली. अर्धीच आत गेली. पाइप लावून जरा जोर दिला, तर की सटकली आणि खाचेची एक कड झिजली. मी तिथेच थांबलो. खाच गोल झाली की तो प्लग कुणाच्या बापाला ऐकत नाही. मग ड्रिल आणा, वेल्डिंग करा, नाहीतर गिअरबॉक्स उतरवा.

"मंग खालचा खोल की," चाचा म्हणाले. "जुनं तेल जाऊ दे. वरचं मागनं बघू."

"आणि वरचा उघडलाच नाही तर? नवं तेल कुठून घालू? कोरड्या गिअरबॉक्सवर गाडी घरी नेणार? चाचा, बंदराचा धक्का दिसायच्या आधी तुम्ही माल उतरवायला घ्यायचात काय?"

हे त्यांना चटकन पटलं. पटलं म्हणून थांबतील तर ते चाचा कसले! "डांबर मऊ करायचंय ना? सोप्पं हाय. मचव्याखाली आम्ही सुक्या झावळ्या पेटवायचो."

"मचव्याला पेट्रोलची टाकी होती का?"

"नाय."

"मग?"

"बरोबर हाय तुजं," चाचा म्हणाले आणि काडेपेटी परत खिशात ठेवली. काडेपेटी हातात कधी आली होती, ते मला कळलंच नाही.

माझ्याकडे गरम हवेची गन आहे. पण लाइट गेली होती, आणि लाइनमनचा फोन लागत नव्हता. मी कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात चाची गुडघा चोळत म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला हा रोज मिठाचा शेक देतो. त्या बुचाला पन दे की रे!"

मी चाचींकडे बघतच राहिलो. गरम मीठ बराच वेळ ऊब धरतं, आणि त्याला ज्वाळा नसते. शेजारच्या वडेवालीची कढई मागून आणली, किराणावाल्याकडून जाडं मीठ. चाचांनी ते तडतडेपर्यंत भाजलं, चाचींनी जुन्या टॉवेलात पुरचुंडी बांधली, आणि मी गाडीखाली आडवा होऊन गिअरबॉक्सला शेक देऊ लागलो. धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली होती. कंपनीची माणसं बाइक थांबवून वाकून बघत होती. "काय झालंय गाडीला?" एकाने विचारलं. "वात," मी म्हणालो.

दुसऱ्या पुरचुंडीला डांबर घाम फुटल्यासारखं ओघळू लागलं. एक थेंब नेमका माझ्या गालावर पडला. जीव घेऊन बाहेर आलो. चाचींनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, चांगली तीट लागलीय."

रॉकेलच्या बोळ्याने खाच साफ केली. या खेपेला की पूर्ण आत बसली. हातोडीने हलके ठोके दिले, पाइप लावला, श्वास रोखून ओढला. कट्!

या आवाजाचे दोन अर्थ असतात. प्लग सुटला, नाहीतर की तुटली. मी डोळे मिटून हात फिरवला. प्लग फिरत होता.

बाहेर काढला तर आटे नव्यासारखे चकाकत होते. गंजाचा ठिपका नाही. मग खालचा खोलला, काळं तेल सोडलं, बंद केला, वरच्यातून नवं तेल थेंब बाहेर येईपर्यंत भरलं. वरचा प्लग पुसून बसवणार, तोच दारात रिक्षा थांबली. बॅग घेऊन इम्रान उतरला. चाचांनी भाजलेल्या मिठाच्या कढईपुढे उभं राहून ती लपवायचा प्रयत्न केला.

इम्रान कुणाशी न बोलता वाकला आणि त्याने गाडीखाली पाहिलं. "हे काय?"

"अंडरबॉडी कोटिंग," मी सगळ्यात शहाण्या आवाजात म्हणालो. त्याच्या एका हातावर हा प्लग ठेवला. दुसऱ्या हातावर भंगाराच्या डब्यातला, खाडीकाठच्याच एका गाडीचा, बिस्किटासारखा भुगा होणारा. "बघ फरक. करणारा खाडीपट्ट्यातला जुना माणूस आहे. हल्ली नवी कामं घेत नाही."

इम्रानने दोन्ही प्लग पाहिले. मग नाक ओढून वास घेतला. "सुरेशकाका, मचव्यावर झोपून मोठा झालोय मी. हा वास मला कळत नाय?"

चाचा जमिनीकडे बघत होते. चाची म्हणाल्या, "बोल काय बोलायचं ते."

"अब्बा, बुचं तरी सोडायची होती," इम्रान म्हणाला. त्याने दोन्ही प्लग मला परत दिले, माझ्याकडून गाडीची चावी घेतली, चाचांच्या हातात दिली आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसला. "चला घरी. गिअर कसे पडतात ते बघू."

मी प्लग बसवून घट्ट आवळला. पहिला गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. चाचांनी उगाचच हॉर्न वाजवला.

चाचा आजही डांबर मारतात. त्याआधी दोन्ही प्लगवर ग्रीस भरून बाटलीची झाकणं बसवतात. इम्रानने ती माझ्याकडूनच मागून नेली. तुम्हाला घरी गिअर ऑइल बदलायचं असेल, तर आधी वरचा प्लग सैल करा. तो हलत नसेल तर पाइप लावण्याआधी घरात विचारा, कुणी काय फासलंय. आणि मिठाची कढई धुऊन परत करा. त्या संध्याकाळचे वडे फार खारट झाले होते.