तीनदा दाबलेलं झाकण

लोणखेड्याच्या पुढे आमची छोटी धावपट्टी आहे. तिथला एक कामगार शिकाऊ विमानांच्या टाक्या सांभाळतो. इंधनाचं झाकण लावतो, अंगठ्याने दाबतो, चार पावलं जातो आणि परत येऊन दाबतो. असं तीनदा. आम्ही शिकणारे त्याला हसायचो.

पहिल्यांदा एकटीने उडायच्या सकाळी मी तपासणीच्या कागदावर ‘व्हेंट मोकळी’ असं लिहून सही केली. व्हेंट म्हणजे टाकीत हवा घेणारी, पंखाखालची बोटाएवढी नळी. ती तुंबली तर वर गेल्यावर इंजिन बंद पडू शकतं. मी ती पाहिली होती, पण आदल्या दिवशी.

तो वाकला आणि त्याने नळीत तार घातली. कुंभारीण माशीच्या घराची माती बाहेर आली.

“काल सकाळले नव्हतं हाई, ताई,” तो हळूच म्हणाला. “एकच दिनमा घर बांधी टाकं.”

मी घाईने सही खोडायला गेले. त्याने माझा पेन बाजूला केला आणि मातीचा खडा माझ्या हातावर ठेवला.

“सही ऱ्हाऊ दे. हाई खिशामा ठेव.”

नळी साफ झाली, मी उडाले. तापीवरून वळेपर्यंत माझा हात तीनदा खिशाकडे गेला होता.